विली की जॉनी? कंट्री ऐकायला सुरुवात कुठून करावी

अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या कंट्री संगीताच्या वाटेला कधीच न गेलेल्या माणसाने ‘पहिला अल्बम सुचवा’ म्हटलं, की माझं घोडं दोन नावांपाशी अडतं. विली नेल्सनचा 1975 सालचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ आणि जॉनी कॅशचा 1994 सालचा ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’. दोन्हींत वाद्यांचा पसारा नाही, गळा अगदी कानाशी येतो आणि दोन्हींत खून आहेत. पण एक आवडला म्हणजे दुसरा आवडेलच, असं मात्र नाही.

विलीचा अल्बम ही सलग गोष्ट आहे. एका धर्मोपदेशकाची बायको दुसऱ्याबरोबर निघून जाते. तो दोघांना गाठून ठार करतो आणि घोड्यावरून भटकत राहतो. सगळं मिळून अर्ध्या तासाहून थोडं जास्त. पंधरा तुकडे, त्यातले काही जेमतेम मिनिटभराचे. पहिल्या गाण्याची चाल मधूनमधून परत येते, कीर्तनात ध्रुवपद येतं तशी. त्यामुळे गाणी उलटसुलट लावून ऐकलीत तर हाती काही लागणार नाही.

हा अल्बम निघाला कसा, हेही ऐकण्यासारखं आहे. कोलंबिया कंपनीशी करार करताना विलीने ध्वनिमुद्रणात अंतिम शब्द आपलाच राहील, हे लिहून घेतलं होतं. मग टेक्सासमधल्या गार्लंड गावच्या स्टुडिओत त्याने आपला नेहमीचा संच बसवला. बहीण बॉबी पियानोवर, मिकी राफाएल माउथ ऑर्गनवर. खर्च सुमारे 4,000 डॉलर झाल्याचं सांगतात. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये तेव्हा गाण्यामागे व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस लावायची रीत होती. कंपनीच्या साहेबांना हा ऐवज कच्चा नमुना वाटला. ‘हे काय दिवाणखान्यात बसून केलं?’ अशा अर्थाचं कुणीतरी बोलल्याची गोष्ट अजून सांगितली जाते. करारापुढे इलाज नव्हता, अल्बम होता तसाच बाजारात आला आणि कंट्री अल्बमांच्या यादीत पहिला आला. पुढे त्याच्या एकट्या अमेरिकेत 20 लाख प्रतींची नोंद झाली. ‘ब्लू आइज क्रायिंग इन द रेन’ हे 1940 च्या दशकातलं फ्रेड रोजचं जुनं गाणं. गायक म्हणून विलीला कंट्री गाण्यांच्या यादीत पहिला क्रमांक मिळवून दिला तो या गाण्याने. तोवर तो दुसऱ्यांसाठी उत्तम गाणी लिहिणारा म्हणूनच ओळखला जायचा. या गाण्यावर ग्रॅमीही मिळाली.

ते गाणं हेडफोन लावून ऐका. विली तालाच्या किंचित मागे रेंगाळतो, शब्द उशिरा टाकतो आणि तरी समेवर चुकत नाही. ख्याल ऐकलेल्या कानाला ही गंमत लगेच कळते. मधला गिटारचा तुकडा नायलॉनच्या तारांवरचा आहे, बोलल्यासारखा.

कॅशची गोष्ट उलटी. याच कोलंबियाने 1986 साली त्याला नारळ दिला होता. नंतरच्या कंपनीतही फारसं जमलं नाही. बीस्टी बॉइज (रॅप), स्लेयर (मेटल) अशांची रेकॉर्डं करणारा निर्माता रिक रुबिन त्याच्याकडे आला आणि म्हणाला, एकट्याने गिटार घेऊन गा. बरीचशी गाणी रुबिनच्या घरी, खरोखरच दिवाणखान्यात झाली. काही कॅशच्या टेनेसीतल्या लाकडी घरात, तर दोन लॉस एंजेलिसच्या एका क्लबात श्रोत्यांसमोर. साथीला कुणी नाही. तारेवर अंगठा घासतो तोही ऐकू येतो.

समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. ग्रॅमी मिळाली, पण ती समकालीन लोकसंगीताच्या गटात. कंट्री रेडिओने ढुंकून पाहिलं नाही, आणि बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या मुख्य यादीत अल्बम 110 व्या क्रमांकापुढे सरकला नाही. म्हणजे साहेबांना नको असलेला विलीचा अल्बम लोकांनी उचलला. कॅशला जाणकारांनी वाखाणलं, बाजाराने नाही. पण हातात फक्त गिटार असलेल्या या म्हाताऱ्याला रॉक ऐकणाऱ्या तरुणांनी आपलंसं केलं, ते इथूनच.

आता निवडायचं कसं? इंग्रजी शब्द पकडायला जड जात असतील तर कॅश सोपा. तो सावकाश, ठसठशीत बोलतो. गाणी सुटी आहेत, रोज दोन ऐकली तरी चालतात. लेनर्ड कोहेन, टॉम वेट्स, अगदी ग्लेन डॅन्झिगचीही गाणी त्यात आहेत, त्यामुळे रॉककडून येणाऱ्याला ओळखीचं कुणी ना कुणी भेटतं. मात्र मधले दोन-तीन तुकडे मला एकसुरी वाटतात. तेरा गाणी एकाच गिटारवर पेलणं सोपं नाही.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. कॅशचं पहिलंच गाणं बाईला खुर्चीला बांधून गोळ्या घालणाऱ्याचं आहे. विलीच्या गोष्टीत घोड्याला हात लावला म्हणून एक बाई मरते, आणि मारणारा सुटतो. दोघंही आवाज न चढवता गातात, त्याने अंगावर जास्तच काटा येतो. जुन्या कंट्रीत अशा खुनांच्या कवनांची मोठी परंपरा आहे, पण म्हणून ते गोड मानून घ्यावं असं नाही.

माझं मत विलीला. रात्रीचं जेवण उरकून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, सलग अर्धा तास मिळत असेल तर तोच लावा. शेवटचा तुकडा ‘बँडेरा’, त्यात शब्दच नाहीत. तो संपेपर्यंत उठू नका.