दहा महिने, चार केबल आणि एक राहिलेलं दुपटं

गेल्या ऑक्टोबरात मी लोकर विणायच्या, लाकडी टोकांच्या अदलाबदलीच्या सुयांचा सेट घेतला. यात सुईची टोकं वेगळी असतात आणि मधली लवचीक केबल वेगळी. हवं ते टोक हव्या त्या केबलला पेच फिरवून बसवायचं. माझ्या सेटमध्ये ३.५ ते ८ मिमीपर्यंत टोकांच्या आठ जोड्या, चार केबल, आठ टोपणं आणि पेच आवळायच्या बारीक चाव्या आहेत. पाच हजारांच्या थोडा आत पडला. आता ऑगस्ट चाललाय, म्हणजे दहा महिने रोज रात्री तास-दीड तास तरी तो हातात असतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. या रचनेचे सेट बरेच जण बनवतात आणि मी जे सांगणार आहे ते बहुतेक सगळ्यांना लागू पडतं.

सेट घेतला तो मनगटासाठी. आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो, इथे थंडी खरोखरची पडते, आणि घरातले स्वेटर घरीच विणायची पद्धत सासूबाईंनी अजून सोडलेली नाही. मी त्यांच्याकडेच शिकले, पोनी कंपनीच्या करड्या, १४ इंची सुयांवर. त्या सुया आजही सरळसोट आहेत, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण मोठ्या माणसाच्या स्वेटरची पाठ मुंढ्यापर्यंत आली की सगळं वजन सुईच्या टोकाला लोंबतं आणि ते मनगट पेलतं. सेट घेण्याआधीच्या हिवाळ्यात माझं उजवं मनगट इतकं धरलं की कणीक मळवेना. केबलच्या सुईवर पाठ सपाटच विणायची, ओळ संपली की उलटायची, फक्त विणलेलं सगळं मांडीवर येऊन पडतं. दोन-अडीच महिन्यांत मनगटाचं दुखणं थांबलं. सेटने बाकी काही केलं नसतं तरी माझे पैसे इथेच वसूल होते. शिवाय टेम्पोत बसून विणताना शेजारच्याच्या बरगडीत सुई जात नाही!

आता नंबरांचं, कारण इथे नवीन माणूस हमखास फसतो. आपल्याकडच्या जुन्या वह्यांमध्ये आणि बाड्यावरच्या लोकरीच्या दुकानात जो नंबर चालतो तो जुना इंग्लंडचा. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, १२ नंबर म्हणजे २.७५ मिमी. सेटवर मात्र मिमी आणि अमेरिकेचा नंबर असतो, आणि अमेरिकेचा नंबर उलटा चालतो. त्यांचा ८ नंबर म्हणजे ५ मिमी. सासूबाईंच्या वहीतलं ‘८ नंबर’ वाचून कोणी अमेरिकेची ८ लावली तर स्वेटरची गोणी होईल. आणि आपला नेहमीचा बारीक लोकरीचा स्वेटर, बॉर्डर १२ वर आणि अंग १० वर, या सेटमध्ये बसतच नाही, कारण सेट सुरू होतो ३.५ पासून. मला ३.२५ ची टोकं वेगळी घ्यावी लागली. बॉर्डर अजून पोनीवरच विणते. दुकानदाराला मिमी सांगितलं तर तो गोंधळतो. त्याची ‘दस नंबर की सलाई’ आणि ‘फंदे’, आमच्या घरच्या सुया आणि टाके. ग्वाल्हेरच्या मराठी बाईला दोन्ही यावं लागतं.

केबलवर लिहिलेली लांबी टोकांसकट असते. ८० सेमीची केबल नुसती मोजली तर ५६ सेमी भरते. माझी पहिल्या दिवशी फसवणूक झाल्यासारखी भावना झाली होती, तशी तुमची होऊ नये. या लांबीच्या टोकांवर ४० सेमीचा छोटा गोल होत नाही, त्यासाठी आखूड टोकं मिळतात. मी कानटोप्या १०० सेमीच्या केबलवर मॅजिक लूपने करते, म्हणजे केबलचा मोठा फास मधून बाहेर काढून. केबल डबीत राहून गुंडाळीसारखी वळली तर गरम पाण्यात मिनिटभर बुडवून हाताने ओढून सरळ करायची.

लाकडाबद्दल माझं मत पक्कं आहे. घसरणाऱ्या लोकरीला लाकूड हवं, टाके जागच्या जागी राहतात. मेळ्यातून मेरिनो लोकरीच्या तीन लडी आणल्या होत्या (माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला आमचा मेळा, हिवाळ्यात तिथून रिकाम्या हाताने कोणी परत येत नाही), त्या या टोकांवर फार सुंदर चालल्या. साध्या अ‍ॅक्रिलिकला मात्र लाकूड थोडं धरून ठेवतं आणि मे महिन्यात घामेजल्या हाताने तर टाका पुढे ढकलावा लागतो. सगळं काम अ‍ॅक्रिलिकमध्येच करणार असाल तर धातूची टोकं घ्या.

इथवर सगळं कौतुक. पण हा अनुभव लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती घेण्याआधी मला कोणी सांगितली नव्हती.

या सेटची खरी करामत टोपणात आहे. काम मध्येच थांबवायचं असेल तर दोन्ही टोकं काढायची, केबलच्या दोन्ही कडांना टोपणं लावायची, आणि काम केबलवर झोपवून ठेवायचं. टोकं मोकळी. दोन मिनिटांत तीच टोकं दुसऱ्या केबलला लावून नवीन टाके घालता येतात. पोनीच्या काळात असं नव्हतं. घरात १० नंबरची एकच जोडी होती आणि ती ह्यांच्या स्वेटरमध्ये गुंतलेली असली की दुकानातला आमसुली रंग कितीही आवडला तरी स्वेटर उतरल्याशिवाय दुसरं काम सुरूच होत नसे. मी शहाणी होते म्हणून कामं पुरी होत होती असं नाही. सुई गुंतलेली होती, म्हणून होत होती. हे मला फेब्रुवारीत कळलं.

नोव्हेंबरात सासूबाईंचं कार्डिगन विणायला घातलं. डिसेंबरात नणंदेच्या मुलाचा रॅगलन, गळ्यापासून खाली विणत जायचा, शिवण नाही. मग ह्यांची कानटोपी. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लोकरीचे ११ बटवे द्यायचं मनात आलं. मेळ्यातल्या मेरिनोची जाळीची शाल. वेण्यांचा एक मफलर, कारण मला वेण्या शिकायच्या होत्या. आणि इंदूरला वहिनीला मार्चमध्ये बाळ होणार होतं, त्याचं दुपटं. चार केबल पुरेनात म्हणून जानेवारीत आणखी तीन मागवल्या. सात केबल, सात कामं, आणि सातही खरोखर आवडीची. पहिल्या दहा ओळींत नवा रंग बोटांखाली उलगडत जातो तो आनंद मी कमी लेखणार नाही, त्यासाठीच तर विणतो आपण. पण स्वेटरची पाठ निम्म्यावर आली की पुढे नुसती सुलट-उलट राहते, आणि नेमक्या त्याच वेळी हाताशी मोकळी टोकं असतात.

पहिला फटका कार्डिगनला बसला. पाठ आणि डावा पुढा ४ मिमीवर झाले होते. उजवा पुढा सुरू करून थोड्या ओळी झाल्या आणि बटव्यांसाठी टोकं काढून घेतली. बटवे झाले, वाणही देऊन झालं. फेब्रुवारीत कार्डिगन पुन्हा उचललं, टोकं लावली, पुढे विणलं. लाकडावरचा छापलेला आकडा एव्हाना पुसट झाला होता, आणि मी लावली होती ४.५ ची जोडी. दोन्ही पुढे शेजारी ठेवले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा जाड्या अंगाचा झालाय.” ४ मिमीवर माझे १० सेमीत २२ टाके बसतात, ४.५ वर २०. म्हणजे त्याच ५२ टाक्यांचा पुढा एकीकडे २३.६ सेमी आणि दुसरीकडे २६. साठ ओळी उसवल्या. वळ्या पडलेल्या लोकरीची लडी करून कोमट पाण्यात बुडवली, दोन दिवस गच्चीत टांगली, मग पुन्हा विणली. त्या हिवाळ्यात सासूबाईंच्या अंगावर ते कार्डिगन आलं नाही. त्यांनी जुनंच वापरलं, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला तेच लागलं.

दुसरा फटका पेचाचा. विणताना हाताचा पीळ टोकाला बसत राहतो आणि पेच हळूहळू सुटतो, नजरेला दिसत नाही. शालीच्या २११ टाक्यांच्या ओळीत मी मध्यावर होते. उजव्या हाताला क्षणभर काहीतरी हलकं लागलं, टोक माझ्या बोटांत आणि केबल मांडीवर. पितळी पेचावरून टाके एकेक करून उतरताना मी बघत होते, हात लावायची हिंमत होईना. साध्या विणीत टाका सुटला तर तो थांबतो तरी. जाळीत धाग्याचा वेढा असतो, तो सुटला की खालच्या ओळीतही भोक उघडतं. चाळीसेक टाके गेले. बारा ओळी खाली मी सुती दोरा ओवून ठेवला होता, म्हणून तिथपर्यंतच उसवावं लागलं. दोरा नसता तर शाल गेली होती. सासूबाईंनी क्रोशाची सुई आणून दोऱ्यावरचे टाके एकेक उचलून दिले, रात्रीचा एक वाजला होता.

त्या रात्रीपासून नियम एकच. बसताना चावी पेचातल्या बारीक भोकात घालून दोन्ही पेच आवळायचे, आणि वीस ओळींनी पुन्हा. पकडीला रबराचा तुकडा घ्या, नुसत्या बोटांनी पुरेसं आवळलं जात नाही. त्याच चावीच्या भोकात सुती दोरा बांधून ओळ विणली की दोरा आपोआप सगळ्या टाक्यांतून ओवला जातो, वेगळी सुई लागत नाही. जाळीचं काम करणाऱ्यांसाठी सेटची ही बाजू मला सगळ्यात मोलाची वाटते. दुसऱ्या कंपनीची टोकं मात्र माझ्या केबलवर बसली नाहीत, पेचाचा आटा वेगळा निघाला. एप्रिलमध्ये एक केबल धातूच्या नळीतून उपटून आली. फोटो पाठवल्यावर तीन आठवड्यांनी बदलून मिळाली. तीन आठवडे जास्तच झाले.

कामांचं काय केलं, तर होळीनंतर सातही केबल पलंगावर मांडल्या. मफलर उसवला, वेण्या शिकून झाल्या होत्या. कानटोपी त्याच आठवड्यात संपवली. तीन जादा केबल नणंदेला देऊन टाकल्या, तिचं विणकाम माझ्यापेक्षा नेटकं आहे. आता केबल चार म्हणजे कामं चार, पाचवी विकत घ्यायची नाही. एकच काम धरून बसावं असं मला वाटत नाही. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात स्वेटर मांडीवर घेता येत नाही, तेव्हा हलकं काम हवंच. जाळीला मन शांत लागतं, टीव्हीसमोर ती होत नाही, तिथे साधी सुलट वीण हवी. पिशवीत न्यायला छोटं काम वेगळं. प्रत्येक केबलच्या टोपणाला दोऱ्याने जाड कागदाची चिठ्ठी बांधलेली असते: कोणाचं काम, टोक किती मिमी, कितवी ओळ, लोकर किती उरली. टोकं काढायच्या आधी चिठ्ठी लिहायची, नंतर नाही. आकडे पुसले तरी चालावं म्हणून भोकांची मापपट्टीही घेतली.

घ्यावा का? मनगट दुखत असेल, मोठे स्वेटर, शाली करत असाल तर जरूर घ्या. फक्त बारीक लोकरीचे मुलांचे स्वेटर आणि मोजे करत असाल तर हा सेट तुमच्या मापाचा नाही. आणि घेताना जादा केबल लगेच मागवू नका, सहा महिने तरी.

दुपटं मात्र वेळेवर झालं नाही. भाची मार्चमध्ये झाली, मी आत्या झाले, आणि बारशाला दुकानातलं दुपटं घेऊन इंदूरला गेले. वहिनी म्हणाली, “ताई, तुमचं येईल तेव्हा येऊ दे.” माझं १६० टाक्यांचं, ८० सेमी रुंद, फिकट पिवळं, तेव्हा केबलवर अर्धं होतं. ती आता पाच महिन्यांची आहे, म्हणून ८० ऐवजी १०० सेमी लांब करतेय, पांघरूण म्हणून दोन थंड्या तरी पुरेल. केबलवर असल्यामुळे लांबी वाढवायला काहीच उसवावं लागलं नाही. चिठ्ठीवर आज ९१ सेमी लिहिलंय. गणपतीला ते सगळे इकडे येणार आहेत, आणि तोवर दुसऱ्या तिन्ही केबलना टोपणं लावून ठेवली आहेत.