४२ हजारांची हेडफोन केबल तानपुऱ्यावर तपासली तेव्हा

महागडी हेडफोन केबल घ्यावी का? आवाजासाठी घेणार असाल तर नको. लांबी, मऊपणा, टिकाऊ जॅक यांच्यासाठी चार पैसे जास्त मोजायला माझी हरकत नाही, पण ते चार पैसे म्हणजे दोन-अडीच हजार. भाच्याने माझ्या टेबलावर आणून ठेवलेली केबल ४२ हजारांची आहे. ज्या हेडफोनला ती लावायची, त्याच्यापेक्षाही महाग.

मी पुण्यात घरी बसून ऑडिओ बुकचं संकलन करते. वाचणाऱ्याचे श्वास, पानांची सळसळ, ओठांचे चुटचुट आवाज काढून टाकायचे, हे माझं काम. त्यामुळे दिवसातले बरेच तास कानांवर सेनहायझरचे एचडी ६०० असतात. हे १९९७ सालचं मॉडेल अजून विकलं जातं, आणि त्याची केबल दोन्ही कपांतून वेगवेगळी निघते. दोन पिनांपैकी एक जाड, एक बारीक, त्यामुळे उलटी खोचायचा प्रश्न नाही. माझी तीन मीटरची मूळ केबल खुर्चीच्या चाकाखाली वारंवार जाऊन डावीकडे खरखरू लागली होती. चाकाने चेपलेला तुकडा कापून, पुन्हा जोडून मी काम चालवत होते. नवी शोधतेय म्हटल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, थांब. आधी माझी लावून बघ. मग जुनीला हातसुद्धा लावणार नाहीस."

केबल दिसायला देखणी, यात वाद नाही. चांदीच्या तारांची आठ पदरी वेणी, लाकडी मणी, मखमली पेटी. पेटीवर ओसीसी, म्हणजे 'ओनो कंटिन्युअस कास्टिंग', ही अक्षरं मोठ्या अभिमानाने छापलेली. जपानमधल्या चिबाचे प्राध्यापक आत्सुमी ओनो यांनी धातूच्या ओतकामाची एक पद्धत शोधली. तिच्यात साचाच तापवलेला ठेवतात, त्यामुळे धातूचे स्फटिक लांबच लांब वाढतात. पद्धत खरी आणि हुशारीची आहे. पण ध्वनीच्या कामात तिने काय बदलतं हे विचारलं, की पेटीवर 'रेशमी', 'हवेशीर', 'काळीभोर पार्श्वभूमी' असली विशेषणं सुरू होतात. कंपनीचं नाव मी देत नाही. अशा पेट्या डझनावारी मिळतात आणि मजकूर सगळ्यांवर साधारण हाच असतो.

लावून पाहिली. पहिली तक्रार वजनाची. वेणी इतकी ताठ, की मान वळवली की हेडफोन मागे राहतो आणि कान पुढे जातो. शर्टावर घासली की कपातून सर्र-सर्र ऐकू येतं. वाक्यावाक्यात कपड्यांची कुजबुज शोधून काढणाऱ्या माणसाला हे कसं चालावं? आणि लांबी जेमतेम दीड मीटर. माझा अँप्लिफायर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असतो, म्हणजे मीच टेबलाला बांधलेली.

आता आवाज. तपासायला मी गाणं घेतलं नाही, तानपुरा घेतला. माझ्याकडे मिरजेचा जुना तानपुरा आहे. त्याची जवारी, म्हणजे घोडीवर तार घासून येणारा झंकार, नीट लागलेली असताना जवळून केलेलं ध्वनिमुद्रण हार्डडिस्कवर आहे. एका तारेतून उठणारे वरचे स्वर, त्यांचं सतत सरकत राहणं, मध्येच स्वयंभू गंधार डोकावणं हे सगळं त्यात आहे. वरच्या पट्ट्यांत केबलने काही भर घातली किंवा काही खाल्लं, तर ते इथे लपणार नाही. शिवाय तानपुऱ्यात ताल नाही, शब्द नाहीत, म्हणजे मन गुंतवणारं दुसरं काही नाही.

भाच्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "ऐकलंस? जवारी कशी उघडली."

उघडली होती खरी. मलाही तसंच वाटलं. पण त्याच्या केबलच्या टोकाला ४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड जॅक आहे, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंच्या धन आणि ऋण तारा त्यात वेगवेगळ्या येतात, आणि माझी जुनी साध्या जॅकवर, जिथे दोन्हींची ऋण तार एकच. बऱ्याच प्लेअरमध्ये बॅलन्स्ड तोंडातून साध्याच्या दुप्पट व्होल्टेज मिळतं, म्हणजे ६ डेसिबल जास्त. पडद्यावर आवाजाचा आकडा तोच, कानात मात्र ढळढळीत मोठा आवाज. आणि थोडा मोठा आवाज माणसाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. स्टुडिओत बसणारा प्रत्येक जण हे पहिल्या वर्षात शिकतो, कारण ग्राहकाला दुसरं मिक्स आवडावं म्हणून ते हळूच अर्धा डेसिबल वर चढवणारे लोक तिथेच भेटतात.

मग दोन्ही केबल एकाच साध्या तोंडावर घेतल्या. त्यासाठी ४.४ च्या केबलला साध्या तोंडात बसवणारा अडॅप्टर लागतो. तो निर्धोक. उलटा प्रकार, म्हणजे साध्या जॅकची केबल अडॅप्टर लावून बॅलन्स्ड तोंडात घालणं, कधीही करू नका. दोन्ही चॅनलच्या ऋण बाजू एकमेकींना चिकटतात आणि अँप्लिफायर जळू शकतो.

एकाच तोंडावर आल्यावर भाच्याचा उत्साह ओसरला, पण संपला नाही. "आहे फरक, सूक्ष्म आहे," असं सुरू झालं. त्याला पाठमोरा बसवून केबल मी बदलत गेले. वजनावरून ओळखता येऊ नये म्हणून दोन्ही वेळा केबलचा भार खुर्चीच्या हातावर चिमट्याने अडकवला. त्याचे अंदाज निम्म्याच्या आसपास बरोबर आले, म्हणजे नाणं उडवून जमलं असतं तेवढेच. त्याला खोटं पाडायचं नव्हतं, कारण त्याला फरक खरोखरच ऐकू येत होता. फक्त तो केबलचा नव्हता. केबल बदलायला हेडफोन काढावा लागतो. पुन्हा घालताना कप कानावर थोडा इकडे-तिकडे बसतो आणि तेवढ्याने वरच्या पट्टीतला आवाज बदलतो. तीच केबल ठेवून हेडफोन नुसता काढून घातला, तरी जवारी 'उघडते' किंवा 'मिटते'. करून पाहा.

कानांवर सोपवायचं नाही म्हटल्यावर मल्टिमीटर काढला. त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा केला, तर माझ्या मूळ केबलचा जाऊन-येऊन रोध पाऊण ओहमच्या जवळपास आणि चांदीच्या वेणीचा पाव ओहमच्या आत. तिपटीचा फरक! भाचा खूश. पण एचडी ६०० चा स्वतःचा रोध ३०० ओहम आहे. त्याच्यासमोर अर्ध्या ओहमने काय होतं? आवाजाची पातळी साधारण ०.०१५ डेसिबलने बदलते. अगदी शांत खोलीत, सरावलेल्या कानाला पाव-अर्धा डेसिबल कळतो. हे त्याच्या कितीतरी खाली. शिवाय तिपटीतला मोठा वाटा निम्म्या लांबीचा आणि जाड तारांचा. चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली वाहते हे खरं, पण पाच-सहा टक्क्यांनीच. तांब्याची तार तेवढीच जाड घेतली की हिशेब मिटला.

तरी एक शेवटची खात्री केली, कारण ते माझ्या रोजच्या कामातलं आहे. एका मेलेल्या हेडफोनच्या कपांतली सॉकेटं काढली, त्यांच्या मागे ३०० ओहमचे रेझिस्टर लावून एक डबी केली. तानपुरा अँप्लिफायरमधून केबलमध्ये आणि डबीतून पुन्हा ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज संगणकात घेणाऱ्या यंत्रात, मुद्रित केला. आधी एका केबलने, मग दुसरीने. दोन्ही मुद्रणं नमुन्याला नमुना जुळवून एकाचं पोलॅरिटीचं, म्हणजे लहर उलटी करणारं, बटण दाबलं आणि बेरीज केली. सारखं ते सगळं एकमेकांना खाऊन टाकतं, फरक तेवढा उरतो. उरला तो मूळ आवाजापेक्षा सुमारे ५५ डेसिबल खाली, अगदी मंद तानपुरा. तो अर्थातच त्या ०.०१५ डेसिबलचा. पातळी तेवढ्याने सारखी केली तर तोही गेला. उरलेलं प्रचंड वाढवून ऐकलं, तर फक्त इंटरफेसची सुरसुर. रेशीम नाही, हवा नाही.

भाच्याने मग त्वचा-परिणाम काढला. उंच स्वर तारेच्या पृष्ठभागावरून वाहतात, म्हणून चांदीचा मुलामा हवा, वगैरे. २० किलोहर्ट्झला तांब्यात ही खोली जवळपास अर्धा मिलिमीटर असते. हेडफोनच्या तारांचे धागे त्याहून कितीतरी बारीक, म्हणजे वीज पूर्ण धाग्यातूनच वाहते. केबलवर प्रवाहाची 'योग्य' दिशा दाखवणारा बाण छापलेला असतो, त्याबद्दल तर काय बोलावं! हेडफोनमधला प्रवाह सेकंदाला शेकडो, हजारो वेळा उलटसुलट होतो, त्याला बाण दाखवून काय उपयोग? उपकरणांना जोडणाऱ्या काही केबलींत शिल्ड, म्हणजे तारांभोवतीचं धातूचं आवरण, एकाच टोकाला जोडलेली असते, तिथे बाणाला अर्थ आहे. इथे तो नक्षीकाम आहे. आणि 'शंभर तास वाजवल्यावर खुलते' या दाव्यात खुलतात ते आपले कान, एव्हाना परतीची मुदतही टळलेली असते.

हा वाद नवा नाही. २००७ मध्ये जादूगार आणि चमत्कारांचे दावे तपासणारे जेम्स रँडी यांनी ७ हजार डॉलरहून महाग स्पीकर केबल साध्या चांगल्या केबलीपासून केवळ ऐकून ओळखून दाखवणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले होते. बरीच तणातणी झाली, परीक्षा मात्र झालीच नाही.

एका ठिकाणी मात्र भाच्याची बाजू खरी आहे आणि ती सांगायला हवी. त्याचे कानात घालायचे इन-इअर, ज्यांत प्रत्येक बाजूला बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारचे अनेक ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे चिमुकले भाग, असतात. अशा इन-इअरचा रोध एका स्वराला ३० ओहम तर दुसऱ्याला ५-६ ओहमवर घसरू शकतो. तिथे ०.३ ओहमच्या जागी १.२ ओहमची केबल लावली, तर त्या घसरलेल्या पट्टीतला आवाज इतरांच्या तुलनेत जवळपास एक डेसिबलने खाली जातो. हे ऐकू येतं, मोजता येतं, आणि केबलचंच आहे. पण त्यावर उपाय चांदी नाही. दीड-दोन हजारांची जरा जाड तांब्याची केबल रोध तेवढाच कमी करते. उलट काहींना बारीक तारेने बदललेला आवाजच जास्त आवडतो, मग त्यांनी तेवढ्यासाठी पन्नास पैशांचा रेझिस्टर का लावू नये, हे मला कोणी समजावून दिलेलं नाही.

तीन तारांच्या स्वस्त केबलींत डाव्या-उजव्यांची परतीची तार एकच असते, त्यामुळे एका कानातलं थोडं दुसऱ्यात झिरपतं. चार तारांची घ्या, विषय संपला. त्यासाठीही चार आकडी रक्कम पुरते.

खरा आवाज बदलायचा असेल तर पैसे दुसरीकडे घाला. अँप्लिफायरच्या बाहेर पडणाऱ्या तोंडाचा रोध बघा. काही जुन्या उपकरणांत तो १२० ओहमपर्यंत असतो, आणि एचडी ६०० वर त्याने खर्जाचा फुगवटा एक डेसिबलच्या आसपास वाढतो. केबलच्या ०.०१५ शी तुलना करा. त्याहून सोपं म्हणजे कपांच्या गाद्या. वापरून चपट्या झाल्या की ड्रायव्हर कानाजवळ सरकतो आणि सगळा तोलच बदलतो. मी गाद्या बदलल्या तेव्हा फरक आमच्या आईलाही कळला, आणि ती म्हणते की तुझ्या त्या यंत्रातून कीर्तन नीट ऐकू येत नाही.

तर मी काय केलं? केबल स्वतःच बनवली. मोगामीची चार तारांची बारीक २८९३ केबल तीन मीटर मागवली, न्यूट्रिकचा जॅक घेतला, सेनहायझरच्या पिनांची जोडी ऑनलाइन मिळाली. सोल्डर, हीटश्रिंक म्हणजे तापवल्यावर आक्रसणारी नळी आणि बारीक टोकाची बिट यांसाठी तापकीर गल्लीत एक चक्कर झाली. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. केबल मऊ आहे, शर्टावर घासली तरी गप्प बसते, आणि जॅकपाशी तिला पकडणारा चिमटा इतका घट्ट, की ओढली तरी ताण तारांच्या जोडांवर येत नाही. पैसे मोजायचे तर याला. तानपुरा हिच्यातूनही त्या डबीत टाकला. उरली ती पुन्हा इंटरफेसची सुरसुर.

दुकानातून तयार घ्यायची असेल तर बघायच्या गोष्टी थोड्याच: चार तारा, पुरेशी लांबी, टोकाला ताण सोसणारी पकड, पिनांचं माप तुमच्या मॉडेलचं, आणि कपड्यावर घासून पाहिल्यावरची शांतता. ही शेवटची गोष्ट कुठल्याच पेटीवर लिहिलेली नसते.

भाच्याने केबल परत नेली. विकणार नाही म्हणाला. "दिसते छान, मावशी," आणि यावर माझं काहीच म्हणणं नाही. आठ दिवसांनी फोन आला की बसमध्ये वापरायच्या त्याच्या हेडफोनसाठी लांबीला कमी, मऊ अशी एक करून देशील का. करून दिली. तुम्हीही करणार असाल तर एवढं सांभाळा: सेनहायझरच्या पिनांमधलं प्लास्टिक लवकर वितळतं आणि पिना तिरक्या होतात. सोल्डर लावण्याआधी पिना जुन्या, निकामी हेडफोनच्या सॉकेटमध्ये खोचून ठेवा, तार आधीच टिन करून घ्या, म्हणजे तिच्यावर सोल्डरचा पातळ थर द्या, आणि सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांहून जास्त टेकवू नका. आणि हीटश्रिंकची नळी जोड मारायच्या आधी तारेत ओवून ठेवा, नंतर ती कुठूनच आत जात नाही.