वाइल्डलाइफ एमएस्सीसाठी एज्युकेशन लोन, माझा अनुभव

कोल्हापुरातल्याच एका बँकेतनं 6 लाख काढले, 10 टक्क्यानं. कागदपत्रं पटकन झाली, साहेब बोलायला चांगले, पण शिकताना हप्ता नसला तरी व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतंय हे कुणी नीट सांगितलंच नाही, हप्ता सुरू होईपर्यंत 6 चे साडेसात झाले! आता 10 वर्षं महिन्याला जवळपास 10 हजार, आणि प्रोजेक्टवर पगार 22, तोपण 11 महिन्यांचा करार. राधानगरीत पहाटे धुक्यातनं गव्यांचा कळप निघाला की वाटतं हेच करायचं होतं, खरंच, पण 5 तारखेला पैसे कापल्याचा मेसेज आला की पोटात गोळा येतो. पोरांनो, शिवाजी विद्यापीठात झूऑलॉजी नाहीतर एन्व्हायर्नमेंटल सायन्सची फी आधी विचारा, आणि लोन घ्यायचंच तर शिकतानाच व्याज भरत रहा. दोन स्टार.