साताऱ्यातली हाफ मॅरेथॉनची १६ आठवड्यांची बॅच : पळायला शिकवतात, पैशाचा हिशेब तुमचा तुम्ही बघा

मार्क द्यायचेच तर ५ पैकी साडेतीन. त्यातले तीन एकट्या कोचचे आणि अर्धा त्या काकांचा, जे दर रविवारी स्कूटीच्या डिकीत लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचा कॅन घालून आमच्या आधी घाट चढून थांबायचे. दीड मार्क का कापला ते खाली येईलच.

ग्रुपचं नाव लिहीत नाही. साताऱ्यात पळणाऱ्यांचं जग ते केवढं, पहाटे साडेपाचला पोवई नाक्यावर सगळी तीच तोंडं दिसतात, आणि मला अजून त्यांच्याबरोबर पळायचंय.

आधी फी. १६ आठवड्यांचे ४,५०० रुपये, मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनपर्यंत (नाव काहीही असो, अंतर हाफचंच, २१ किलोमीटर). रेसची एन्ट्री वेगळी, ती आपली आपण भरायची. शिवाय ही 'चॅरिटी बॅच' म्हणून ५०० रुपये वर, सामाजिक कामासाठी. मंगळवार-गुरुवार शाहू स्टेडियम, शनिवारी व्यायाम, रविवारी लाँग रन. आम्ही चोवीस जण होतो, त्यात बायका सहा.

मी कोण, तर वय ४२, पतसंस्थेत कॅशियर, दिवसभर खुर्चीत, पळणं म्हणजे शेवटचं दहावीत कबड्डीला. या नादाला लागले ती भाच्यापायी. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत असतो, आणि बहिणीचा फोन आला की निम्मं बोलणं ऐकायच्या मशीनच्या सेलचं नाहीतर कानातल्या साच्याचं. त्या शाळेसाठी काहीतरी गोळा करावं असं डोक्यात होतंच, तेवढ्यात ही जाहिरात दिसली, म्हणलं चला, वजनही उतरेल. (उतरलं नाही. भूक दुप्पट झाली.)

पहिल्याच दिवशी स्टेडियमला मी जीव खाऊन एक राऊंड मारला आणि पायरीवर बसले ती पंधरा मिनिटं उठले नाही. कोच शेजारी येऊन बसला, पोरगाच आहे तसा, तिशीतला, आणि म्हणाला, "ताई, तुम्ही पळत नाही, तुम्ही पळून जाताय." मग त्यानं एक मिनिट पळा दोन मिनिटं चाला असं लावून दिलं, आणि नियम एकच, पळताना तोंडानं तेराचा पाढा म्हणायचा, मोठ्यानं. तेरा सक अठ्ठ्याहत्तरला दम तुटला तर स्पीड जास्त आहे, कमी करा. चोवीस माणसं आपापल्या लयीत पाढा म्हणत गोल फिरतायत, बघणाऱ्याला वाटलं असेल प्राथमिक शाळेची सहल आलीये. शेजारच्या लेनमधनं माण तालुक्याकडच्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी आमच्या एका राऊंडमध्ये दोन राऊंड काढून जायच्या आणि वळून हसायच्या. त्यांचं बरोबर आहे, माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओच्या ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या) फायनलपर्यंत गेली, दहावी आली, त्या पोरींना तिचं पळणं माहिती, आमच्या पाढ्यांचं काय कौतुक.

पण खरं सांगते, हे हळू पळायला शिकवणं हाच या बॅचचा सगळा पैसा वसूल. आधी दोनदा मी मोबाईलवरचं ॲप लावून सुरुवात केली होती, दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात नडगी धरली आणि सोडून दिलं. इथं दहाव्या आठवड्यात मी १४ किलोमीटर न थांबता पळाले आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला कॅश काउंटरवर हजर.

दुसरी गोष्ट घाटाची. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगते, आपली हिल मॅरेथॉन सपाट नाही. २०१२ पासून होतीये, पहिलं निम्मं अंतर यवतेश्वरचा घाट आणि कासचा रस्ता चढत जायचं, तिथनं माघारी फिरायचं आणि तोच रस्ता उतरायचा. सगळे चढाला घाबरतात. कोच पहिल्या रविवारीच म्हणाला, चढ फक्त दमवतो, मारतो तो उतार. पटलं नाही. समर्थ मंदिराच्या पुढं घाट लागतो, तिथनं चढून यवतेश्वरपर्यंत गेलो, आणि येताना मी दोन्ही हात सोडून लहान पोरासारखी खाली आले, मस्त वारा, काही म्हणजे काही दुखलं नाही. मंगळवारी पहाटे संडासला बसले ती उठताच येईना. जुनं घर, जुनं संडास, धरायला नुसती बादली. आत्या बाहेरनं दोनदा म्हणाल्या, "अगं हायस का आत?" शेवटी भिंतीला टेकत टेकत उठले.

मग कोचनं कारण सांगितलं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जाता जाता शरीराचं वजन पेलत असतो, त्यात बारीक बारीक इजा होते, आणि ती तिथल्या तिथं कळत नाही, एक-दोन दिवसांनी ठणकते. उपाय म्हणजे उतारावर पावलं लहान आणि भरभर टाकायची, पाय पुढं फेकून टाचेवर ब्रेक मारायचा नाही, कमरेत मागं रेलायचं नाही, आणि दर रविवारी थोडा थोडा उतार वाढवत न्यायचा, म्हणजे स्नायूला सवय लागते. आठव्या-नवव्या आठवड्यापर्यंत माझं दुखणं निम्म्यावर आलं होतं. बुटाचंही तसंच. सगळ्यात वरचं जे जादा भोक असतं ना, जे आपण कधीच वापरत नाही, त्यातनं लेस घालून फास करायचा, टाच घट्ट बसते आणि उतारावर अंगठा पुढं आपटत नाही. हे कळेपर्यंत माझं एक नख काळं होऊन पडलं होतं. बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय जरा फुगलेला असतो, आणि अर्धा नंबर मोठा घ्या.

जुलैत घाटात धुकं असं की पुढच्याचा टी-शर्ट दिसायचा नाही, रस्त्यावरनं पाणी वाहतंय, कडेला शेवाळ. कोच सगळ्यांना उजव्या बाजूनं पळवायचा, समोरनं येणारी गाडी दिसावी म्हणून, आणि साडेसातच्या आत खाली आणायचा कारण त्यानंतर कासकडं जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. याला पैकीच्या पैकी.

आता कापलेले मार्क.

लाँग रन दोन-अडीच तासांचा, पावसाळा, आणि बायकांसाठी वाटेत काहीच सोय नाही. व्यवस्थापनाच्या माणसाला (कोच नव्हे, व्हॉट्सॲप ग्रुप चालवणारा) विचारलं तर म्हणाला, "मॅडम, निसर्ग आहे की सगळा." पुरुषांना असेल. आम्ही सहाजणी मग पहाटेपासून पाणीच प्यायचो नाही, जे पळताना अगदी चुकीचं. शेवटी वर एका हॉटेलवाल्या मावशींशी आम्हीच बोललो, त्या साडेसहाला दार उघडायला तयार झाल्या, आम्ही येताना त्यांच्याकडं चहा-भजी घ्यायची असं ठरलं. म्हणजे प्रश्न सुटला, पण साडेचार हजार भरून तो आम्हीच सोडवला.

आहाराचं लेक्चर टुकार. एक जण पावडरचे डबे घेऊन आला आणि अर्धा तास डबाच विकत होता. मागं उभा राहून कोच नकारार्थी मान हलवत होता, ते बघायला मजा आली. कामी आलं ते काकांचं शहाणपण, तासाच्या पुढं पळायचं असेल तर वाटेत अर्धा राजगिऱ्याचा लाडू नाहीतर केळं, ओआरएसचं पाकीट पुड्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, एक लिटरचं पाकीट अर्ध्या बाटलीत घालून घट्ट करायचं नाही, आणि भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत राहायचं नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं.

आणि आता पैसा. हा माझा धंदा आहे त्यामुळं जरा लांबण लागेल.

बॅनरवर 'समाजासाठी धावा'. कुठल्या समाजासाठी, विचारलं तर "ठरवतोय". क्यूआर कोड त्या व्हॉट्सॲपवाल्याच्या स्वतःच्या खात्याचा. चोवीस गुणिले पाचशे म्हणजे बारा हजार, पावती एकालाही नाही. पतसंस्थेत मी दिवसाखेर दहा रुपये जुळले नाहीत तर सगळे चलन परत मोजते, मला हे कसं पचावं. शेवटच्या आठवड्यात कुठल्यातरी शाळेत वह्या वाटल्याचा फोटो आला, पुठ्ठ्याचा मोठा चेकसुद्धा होता, बिल मात्र कुणी बघितलं नाही. खाल्ले असं मी म्हणत नाही. दिलेही असतील. पण दोनदा विचारूनही हिशेब दाखवला नाही, एवढं खरं.

मी माझं वेगळं केलं. भाच्याच्या शाळेत फोन केला, त्यांचं संस्थेच्या नावावर खातं आहे, ८०जी आहे (म्हणजे देणगीवर करात सूट मिळते), म्हणलं उत्तम, लोकांना तेच खातं देते, माझ्या हातात एक रुपया नको. मी फक्त एक वही केली, कुणी किलोमीटरला किती कबूल केले याची. कुणी ५, कुणी १०, एका डॉक्टरबाईंनी ५० लावले, राजवाड्यावरच्या आमच्या भाजीवाल्या आजींनी २ रुपयानं ४२ दिले, ते मी त्यांच्यासमोर मोबाईलवरनं भरले. आमचे मॅनेजर साहेब म्हणाले, हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची असते, तेव्हा पाच रुपयाच्या दरानं १०५ रुपये ४९ पैसे होतात, बरोबर भरतो. आणि भरले हो, वरच्या ४९ पैशांसकट.

ज्यांना कर वाचवायचा होता त्यांनी मला लय पिडलं, म्हणून मी शिकले ते इथं टाकते. दोन हजाराच्या वर रोख दिलं तर सूट मिळत नाही. पॅन द्यावा लागतो. वर्ष संपल्यावर संस्थेकडनं देणगीचं सर्टिफिकेट (माझ्या वेळी त्याचं नाव १०बीई) यायला पाहिजे, नुसत्या पावतीवर भागत नाही. आणि जुन्या कर प्रणालीत असाल तरच फायदा. अशी संस्था आधी बघा, मग पळा.

एकूण ४१,३५० जमले. शाळेनं विचारलं काय घेऊ, मी म्हणलं तुम्हाला माहिती. त्यांनी सेल आणि कानातले साचे घेतले. हे मलाही आधी नीट माहिती नव्हतं, मशीन एकदा मिळतं, कधी शिबिरातही मिळतं, पण साचा पोराच्या कानाचं माप घेऊन करावा लागतो आणि पोर वाढलं की तो सैल होतो, मग मशीन कुईं कुईं शिट्टी मारतं आणि पोरगं काढून खिशात ठेवतं. सेल ६७५ नंबरचे, बटणाएवढे, पाठीवर निळं स्टिकर असतं. स्टिकर काढलं की आत हवा जाते आणि सेल चालू होतो, नंतर परत चिकटवलं तरी उपयोग नाही, उतरायला लागला तो लागलाच. आमचा भाचा ती निळी स्टिकरं गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर ओळीनं चिकटवतो. मी गेले तेव्हा पान भरत आलं होतं.

रेसचं थोडक्यात. रात्रभर पाऊस, सकाळी उघडलं. चढाला मी पाढाच म्हणत होते, शेजारचा पुण्याचा माणूस जरा लांब सरकला. वरती धुकं, कुठंतरी ढोल वाजतोय पण दिसत नाही. सतराव्या किलोमीटरला उतारावर डावी पोटरी गच्च धरली, तेव्हा काका आठवले, थांबून अर्धा लाडू खाल्ला, दोन मिनिटं चालले, परत बारीक पावलं. २ तास ५८ मिनिटं. घाटाच्या पायथ्याला आत्या खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि मला बघून पहिलं वाक्य काय, तर "एवढ्या पोरी पुढं गेल्या की गं."

तर पुढच्या बॅचला जायचं असेल तर जरूर जा, पण ५०० रुपये भरायच्या आधी क्यूआर कोडवर नाव कुणाचं येतंय ते बघा, आणि बायकांनो, रविवारच्या सोयीचं पहिल्याच मीटिंगला सगळ्यांसमोर विचारा, खाजगीत नको. हॉटेलवाल्या मावशी आता सहालाच उघडतात. आणि टी-शर्ट एक साइज मोठा सांगा, माझा पहिल्या धुण्यात आखडला, आता तो भाचाच घालतो.