जेम पोर्टलवर सोलापुरी टॉवेल विकताना: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

ओळखपाळख नसलेल्या छोट्या कारखानदाराला सरकारी खरेदीत शिरता येतं का? वर्षभर जेमवर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर, माल विकल्यानंतर माझं उत्तर हो असं आहे. पैसे वेळेवर मिळतात का? ते माल कोणाच्या दारात उतरतो यावर ठरतं. नवीन नोंदणी करणाऱ्यांनी हा फरक आधीच समजून घ्यावा, म्हणून सविस्तर लिहितोय.

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे यंत्रमाग आहेत. टेरी टॉवेल आणि चादरी विणतो. आमचा माल पूर्वीही सरकारी रुग्णालयांत आणि वसतिगृहांत जायचा, पण व्यापाऱ्याच्या नावावर. थेट पुरवठादार व्हायचं तर दिल्लीच्या पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाचा दरकरार, म्हणजे ठरलेल्या दराने माल पुरवण्याचा करार, हवा असायचा, आणि तो मिळवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. ९ ऑगस्ट २०१६ ला जेम सुरू झालं, २०१७ मध्ये ते महासंचालनालय बंद झालं. त्याच वर्षीच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम १४९ नुसार, जी वस्तू जेमवर आहे ती केंद्राच्या खात्यांनी तिथूनच घ्यायची. राज्यांची कार्यालयंही तिथे खरेदी करतात.

नोंदणी सोपी आहे. पॅन, जीएसटी, बँक खातं, आयकर विवरणपत्र आणि उद्यम क्रमांक (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) जवळ असला की काम होतं. एजंटला पैसे देण्याची अजिबात गरज नाही. खरी परीक्षा पुढे, विक्रेता मूल्यांकनात. त्यात भारतीय गुणवत्ता परिषदेकडून कागदपत्रं तपासली जातात आणि व्हिडिओवर कारखाना बघितला जातो: यंत्रं कोणती, तपासणीची सोय काय, कच्च्या मालाची नोंद कशी ठेवता. हा भाग मला मनापासून आवडला. ज्याच्याकडे एकही माग नाही, त्याला उत्पादक म्हणून मिरवणं यामुळे अवघड होतं.

कॅटलॉग मात्र सवडीने भरा. टॉवेलची लांबी-रुंदी, जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), सुताचा नंबर (जाडी), रंगाचा पक्केपणा, प्रत्येक रकाना म्हणजे तुम्ही दिलेला शब्द. माल उतरला की त्याच आकड्यांवर तो पारखला जातो.

बिडमध्ये, म्हणजे ऑनलाइन निविदेत, लहान उद्योगांना खरा आधार आहे. केंद्राच्या खरेदीत सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला बयाणा रक्कम, म्हणजे बिडसोबत ठेवायची अनामत, माफ असते. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणारी, मोठी कंपनी असेल आणि तुमचा दर तिच्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर तिच्या दराला यायची संधी तुम्हाला मिळते. वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा, असं केंद्राचं धोरणच आहे. पण कामगिरीची बँक हमी (काम नीट पुरं होईल याची, ऑर्डर मिळाल्यावर द्यायची हमी) माफ होत नाही, तेवढे पैसे अडकणार हे धरूनच दर भरा. रिव्हर्स ऑक्शनला, म्हणजे दर खाली खाली आणायच्या उलट्या लिलावाला, बसताना तळाचा दर आधी कागदावर लिहून ठेवा आणि त्याच्या खाली जाऊ नका. सुताचा भाव पुढच्या महिन्यात कुठे असेल ते कोणी सांगू शकत नाही.

खरेदीदाराने जोडलेल्या जादा अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. साध्या टॉवेलसाठी एखाद्या कार्यालयाने अशी उलाढाल आणि असा अनुभव मागितलेला असतो की दोन-तीनच जण पात्र ठरावेत. पोर्टलने ज्याला तपासून आत घेतलं, त्याला अशा अटीने पुन्हा बाहेर काढणं मला अन्यायाचं वाटतं. बिडच्या मुदतीत यावर लेखी हरकत घेता येते, आणि ती घ्यावीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माल पोचला की आधी तात्पुरती पावती, मग तपासणी होऊन १० दिवसांत स्वीकृती प्रमाणपत्र, ज्याला सगळे क्रॅक म्हणतात. क्रॅक निघाल्यापासून १० दिवसांत पैसे. कागदावर व्यवस्था उत्तम आहे, आणि काही कार्यालयांनी आमच्याशी ती तंतोतंत पाळली. एका वसतिगृहाने मात्र ऐन मे महिन्यात दुकानातल्या काट्यावर टॉवेल तोलले आणि जीएसएम कमी म्हणून अख्ख्या गाठी नाकारल्या. कापूस हवेतला ओलावा धरतो. प्रमाणित हवेत त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी त्यात असतं. म्हणूनच प्रयोगशाळेत कापड आधी २७ अंश तापमानात आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवतात आणि मग तोलतात. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत तोच टॉवेल हलका भरणारच. अखेर प्रयोगशाळेचा अहवाल आमच्या बाजूने आला, माल स्वीकारला गेला. पण तोवर सूतवाल्याची उधारी आणि कामगारांचा पगार आम्ही कर्ज काढून भागवला. आमची यंत्रं तपासून आम्हाला आत घेतलं जातं, मग माल तपासणाऱ्याला कापड कसं तोलायचं हे शिकवायला नको का? जेमने कापडाच्या प्रत्येक वर्गात तपासणीची पद्धत आणि वजनातली मान्य तफावत छापून टाकावी, ही माझी कळकळीची मागणी आहे.

तोपर्यंत आम्ही प्रत्येक लॉटचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मालासोबतच पाठवतो आणि एक सीलबंद नमुना कारखान्यात ठेवतो. बिड भरण्याआधी माल कोण उतरवून घेणार, हेही विचारून घेतो. पैसे ४५ दिवसांपुढे रखडले तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येतं. ऑनलाइन तक्रार केली की ती सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाते. ग्राहक दुरावेल म्हणून आमच्या भागातले बरेच यंत्रमागधारक तिथे जात नाहीत. त्यांना मी सांगतो, जा. व्याज हा तुमचा कायदेशीर हक्क आहे, आणि पुढची बिड तुम्हाला दरावर मिळणार आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा तपासणीच्या गोंधळासाठी कापला, एक तारा जादा अटींसाठी.