नव्या टेपखाली दडवलेले वायरिंग

मी जुनी मोटारसायकल घेतली तेव्हा तिच्यावर वायरिंग नव्हतेच. आधीच्या मालकाने सगळा हार्नेस, म्हणजे गाडीतल्या तारांचा एकत्र बांधलेला संच, काढून टाकला होता आणि हेडलाइटच्या वाटीत तुटलेल्या तारांची चार टोके तेवढी शिल्लक होती. असे काम हाती घेणारा माणूस सहजासहजी मिळत नाही, आणि माझ्या नेमक्या याच अडचणीचा फायदा घेतला गेला. जुन्या गाडीवर जीव असलेल्या दुसऱ्या कुणावर ही पाळी येऊ नये, म्हणून घडले ते लिहीत आहे.

ज्याच्याकडे काम सोपवले त्याने ‘या मॉडेलचा कंपनीचाच हार्नेस बसवून देतो’ असे छातीठोकपणे सांगितले आणि सगळी रक्कम आगाऊ घेतली. गाडी ताब्यात मिळाली तेव्हा काळ्या टेपने घट्ट गुंडाळलेला आणि टोकांना नवेकोरे कनेक्टर लावलेला तो संच इतका नीटनेटका दिसत होता, की तो उघडून पाहावा असे माझ्या मनातही आले नाही. दिवे लागले, हॉर्न वाजला, गाडी एका किकमध्ये सुरू झाली.

काही आठवड्यांतच हेडलाइट पिवळसर पडू लागला आणि हॅन्डल डावीकडे पूर्ण वळवले की इंजिन बंद पडू लागले. त्याने बॅटरीवर खापर फोडले आणि एक नवी बॅटरी माझ्या गळ्यात मारली. दोष मात्र तसाच राहिला. शेवटी एके दिवशी टाकीखालून जळक्या प्लास्टिकचा वास आला, तेव्हा मी टाकी उतरवली आणि ब्लेडने टेप कापला.

आत वेगवेगळ्या जाडीच्या तारांचे तुकडे नुसते पीळ देऊन एकमेकांना जोडलेले होते. हातभर लांबीत नऊ जोड होते. एकालाही सोल्डर नव्हते की क्रिम्प (दाबून घट्ट बसवलेली धातूची नळी) नव्हता. जवळजवळ सगळ्या तारा लाल रंगाच्या असल्यामुळे कोणती तार कुठे जाते, हे एकेक ओढून पाहिल्याशिवाय कळत नव्हते. हॅन्डलच्या मानेपाशी, जिथे प्रत्येक वळणाला तार वाकते, तिथे घरगुती फिटिंगची एकपदरी तार वापरली होती आणि ती आवरणाच्या आतल्या आत तुटली होती. हेडलाइटच्या तारेचे टोक खरवडले तेव्हा तांब्याचा पातळ थर निघून आतले पांढरे ॲल्युमिनियम दिसले. ॲल्युमिनियमची वीजवाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के असते, आणि १२ व्होल्टवर ६० वॉटचा दिवा ५ अँपिअर प्रवाह घेतो. एवढ्या बारीक तारेत तो दिवा मंद पडणार आणि तार तापणार, हे ठरलेलेच होते.

पण माझा खरा संताप झाला तो फ्यूजचा डबा पाहून. डबा होता, त्यात फ्यूजही होता. मात्र डब्याच्या मागे दोन्ही तारा परस्पर जोडून टाकल्या होत्या, त्यामुळे फ्यूज काढून घेतला तरी गाडी चालूच राहत होती. पेट्रोलच्या टाकीखाली असे करणे म्हणजे चालवणाऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे.

म्हणून असे काम देताना टेप गुंडाळण्याआधी संच उघडा पाहण्याची अट आधीच घाला आणि ती मान्य नसेल तर गाडी तिथे ठेवू नका. गाडी ताब्यात घेताना फ्यूज काढून दिवे बंद होतात का ते पाहा. हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी दिव्याच्या धन टोकावर लावा; फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त आला, तर तार किंवा जोड कच्चा आहे. ऋण बाजूही अशीच तपासा, कारण चेसिसवरचा रंग न खरवडता केलेले अर्थिंगही दिवा मंद करते. संपूर्ण रक्कम आगाऊ तर मुळीच देऊ नका.

तो उघडा संच मी त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा ‘गाडी चालत होती ना?’ एवढेच बोलून त्याने हात झटकले. पुढे मी सर्किट डायग्राम मिळवून प्रत्येक जोडणीला वेगळ्या रंगाची, तांब्याची बहुपदरी तार वापरून सगळे वायरिंग नव्याने केले. ते करतानाच लक्षात आले, की गाडी देताना तिच्यावर असलेला मूळचा रेक्टिफायरही (इंजिनवर तयार होणारी एसी वीज बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) बदललेला आहे. कामाआधी मी सुट्या भागांचे फोटो काढून ठेवले नव्हते, त्यामुळे तो परत मागायला माझ्याकडे काहीच पुरावा उरला नाही.