जुन्या डेस्कटॉपवर मिंट २२ आणि विंडोज १० शेजारी-शेजारी: काही महिन्यांच्या वापरानंतर

मशीन: चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी. विंडोज ११ यावर अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून जुन्या सॉफ्टवेअरपुरतं विंडोज ठेवलं, बाकी सगळं लिनक्स मिंट २२ सिनॅमनवर (मिंट ही लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, सिनॅमन हा तिचा डेस्कटॉप). मिंटच्या माथी मारल्या जाणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ शेजारच्या विंडोजमध्ये निघतं, हे रोजच्या वापरात लवकरच कळतं.

पहिली तक्रार हमखास ठरलेली: डी ड्राइव्ह मिंटमध्ये उघडतो, पण फाइल सेव्ह होत नाही, कधी ड्राइव्ह माउंटच होत नाही, म्हणजे जोडलाच जात नाही. कारण विंडोजमधली फास्ट स्टार्टअप ही सोय. शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं (चालू स्थिती डिस्कवर साठवून झोपतं) आणि एनटीएफएस ड्राइव्ह (विंडोजच्या फाइल-पद्धतीचा) 'वापरात आहे' अशा स्थितीत राहतो. मिंट त्यावर लिहायचं टाळतं, ते योग्यच. जबरदस्तीने माउंट करायचे उपाय जागोजागी सापडतील, त्यांच्या नादी लागू नका, डेटा जाईल. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' चालवा. (अक्षरं अर्थातच इंग्रजीत.) हायबरनेशन मुळातूनच बंद होतं, वर सी ड्राइव्हवर तीनेक जीबी जागा सुटते. नुसती फास्ट स्टार्टअपची टिक काढूनही भागतं, पण मोठ्या अपडेटनंतर ती परत आलेली दिसू शकते.

दुसरी तक्रार घड्याळाची. मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की सकाळी दहाला साडेचार वाजलेले दिसतात. मदरबोर्डच्या घड्याळात मिंट यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा. बायोसचा सेल बदलून काही होणार नाही. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन इथपर्यंत जा, 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची डीवर्ड प्रकारची नोंद तयार करा आणि किंमत १ द्या. मिंटलाच स्थानिक वेळ पाळायला लावता येतं, पण दोन्हीपैकी एकच करायचं. दोन्ही केले की घोळ पुन्हा तिथेच, फक्त उलट्या दिशेने.

मिंटचा स्वतःचा दोष म्हणायचा तर टाइमशिफ्टचा (सिस्टिमच्या जुन्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, ठेवणारं साधन), तोही अर्धाच. रूट पार्टिशन (डिस्कचा मिंट बसवलेला भाग) ४० जीबीचं आणि स्नॅपशॉट त्याच पार्टिशनवर, असं असेल तर जागा कधीतरी भरणारच. मग पासवर्ड बरोबर टाकूनही लॉगिनचा पडदा पुन्हा-पुन्हा समोर येतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबून टर्मिनलमध्ये लॉगिन करा, 'सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट' ने यादी पाहा आणि '--डिलीट' ने जुने स्नॅपशॉट काढा. पुढे रोजचे दोन, आठवड्याचे दोन एवढेच ठेवा. अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमधल्या ऑटोमेशन टॅबवर जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) आपोआप काढायची सोयही सुरू करा. होम फोल्डर मूळ सेटिंगमध्ये टाइमशिफ्टमध्ये येत नाही, त्याचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवाच.

स्वॅपिनेस (रॅममधला डेटा डिस्कवर किती लवकर हलवायचा याचं सेटिंग) ६० वरून १० करा, असा सल्ला सर्रास मिळतो. ८ जीबी आणि एसएसडीवर जाणवण्यासारखा फरक नाही; नाही केलं तरी चालेल.

मराठी टायपिंग मात्र उत्तम. कीबोर्ड सेटिंग्जच्या लेआउट्समध्ये 'मराठी (एनहान्स्ड इनस्क्रिप्ट)' जोडा, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतल्या अर्ध्या र साठी शिफ्ट-जे, मग डी (पाय मोडण्यासाठी), मग य. साधा जे दाबलात तर 'दर्या' उमटेल.